पद्माबाई, वय एकोणीस, पुरुष

मुलांचे वसतिगृह, मेडिकल कॉलेज
४ जानेवारी २००४

ती. पद्माआत्यास,
सप्रेम जयभीम.

बाबांचं पत्र आलं. तुला शुगर निघाली, वसमतच्या डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं, आणि "दिवसभर शिलाई मशीन पायानंच हाणते, अजून किती चालू?" असं तू त्यांच्या तोंडावर बोलून आलीस, हे समजलं. तुला समजावण्याचं काम बाबांनी माझ्यावर सोपवलं आहे. त्यांचं म्हणणं, घरात डॉक्टर असताना बाहेरच्या डॉक्टरचं कोण ऐकतं. मला अ‍ॅडमिशन घेऊन पाचच महिने झालेत, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

तरीही लिहितो. व्यायाम केल्याने स्नायू रक्तातली साखर वापरतात. भूक लागते, झोप शांत येते, मन प्रसन्न राहतं. जी व्यक्ती व्यायाम करत नाही, तिची चिडचिड होते, छातीत धडधडतं, हातपाय गार पडतात, अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडून राहावं लागतं, कुणाशी बोलावंसं वाटत नाही. म्हणून तू रोज चालावंस, ही विनंती.

माझं इथे उत्तम चाललं आहे. अभ्यास जोरात आहे. काळजी नसावी.

तुझा,
प्रमोद

&nbsp;

शिरड शहापूर
१५ जानेवारी

डॉक्टरसायबास पद्माबाईचा जयभीम.

पत्र पावलं. दोनदा वाचलं. एकदा चष्मा लावून आन एकदा चष्मा काढून, तरी एकच दिसलं. लेकरा, शुगरवाल्याला लई तहान लागते, पाय बधिर होतेत, इतकंच मला वसमतच्या डॉक्टरनं सांगितलं व्हतं. ही छातीची धडधड आन डोळे उघडे ठिवून पडनं तू कुठून आनलंस? मला तर आडवी झाले की झोप लागते. परवा ब्लाऊजला हातशिलाई करता करता सुई हातात आन मी घोरून राहिले.

असो. तू डॉक्टर, तुला जास्त कळतं.

पर एक सांग. मला चाल म्हनून राहिलास, तू सोता चालतोस का? दिवाळीला आलास तवा वारंगा फाट्यावर गाडी बदलायला पन्नास पावलं चालावं लागलं, तर तोंड असं केलंस जसं कुनी नांगराला जुंपलं. म्हून माजी एक अट हाय. जितके दिवस तू चालशील, तितके दिवस मी चालन. तू तिकडं मैदानात, मी हिकडं कॅनॉलच्या पुलापर्यंत. दर पत्रात हिशोब द्याचा. खोटं बोलला त्यानं फुडच्या भीमजयंतीला साऱ्या वस्तीसमोर लेझीम खेळायची. मी खोटी निघाले तर मी खेळीन. माजं वजन तुला माहीत हाय, तवा वस्तीचा इचार करून खरं बोल.

तुजी आत्या

&nbsp;

वसतिगृह
२९ जानेवारी

ती. आत्यास जयभीम.

अट मान्य. मी एकोणीस तारखेपासून चालतो आहे. सकाळी साडेपाचला कॉलेजच्या मैदानात तीन चकरा, मग थोडे जोर. आधी नाडी बहात्तर असते, चालल्यावर शंभर होते. खूप ताजंतवानं वाटतं. एकही दिवस चुकला नाही.

तुझा हिशोब कळव.

प्रमोद

&nbsp;

शिरड शहापूर
१० फेब्रुवारी

डॉक्टरसायब, जयभीम.

माजा हिशोब आसा. पयल्या दिवशी कॅनॉलच्या पुलापर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी औंढ्याला जाऊन आले. तिसऱ्या दिवशी पाय थांबंनात म्हून वारंगा फाट्याला जाऊन च्या पिऊन परत आले, चाळीस मैल तरी झाले आसतील. उंद्या सेनगावला तुज्या बापाकडं चक्कर मारावी म्हन्ते. नाडी मोजली न्हाई, ती मागं ऱ्हायली.

का रे, हसू आलं का? तुजं पत्र वाचून मला बी आसंच आलं.

तांड्यावरचा रणजीत तुला माहीत हाय, शिरड ते वसमत जीप चालवतो. मागल्या आठवड्यात एक पेशंट घिऊन तुज्याच दवाखान्यात आला व्हता. मी त्याच्या हाती तुला जवसाची चटनी धाडली. त्यो म्हनला, मावशी, तुमच्या कॉलेजच्या मैदानात महिना झाला कृषी प्रदर्शनाचा मांडव घातलाय, कोंबडी शिरायला जागा न्हाई. मंग तू तीन चकरा काय मांडवाच्या छपरावरून मारून राहिलास?

हे झालं हसायचं.

आता न हसायचं. रणजीत म्हनला, दुपारी बाराला पोरं कॉलेजात व्हती आन प्रमोद खोलीत पडून व्हता. झोपला न्हवता, भिंतीकडं तोंड करून व्हता. टेबलावर मी दिवाळीला दिलेली चटनीची बरनी व्हती, तिचं झाकन बी उघडलेलं न्हाई. लेकरा, सेनगावच्या घरी असताना ती बरनी तू चार दिवसांत चाटूनपुसून ठिवायचास.

एस्टीडीवरून फोन करू नगं. तिथं मागं लोक उभे ऱ्हातेत, मानूस नीट बोलत न्हाई. लिहून सांग. काय झालं? खरं सांगितलंस तर लेझीम माफ.

आत्या

&nbsp;

वसतिगृह
२४ फेब्रुवारी

आत्या,

हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. आधीची तीन फाडली.

मी चाललो नाही. एकही दिवस नाही. तीन आठवड्यांपासून कॉलेजलाही गेलो नाही.

डिसेंबरमध्ये आमची पहिली चाचणी झाली. अ‍ॅनाटॉमीच्या तोंडी परीक्षेत सरांनी हातात एक हाड दिलं आणि विचारलं, हे कोणतं? आत्या, ते मांडीचं हाड होतं. शरीरातलं सगळ्यात मोठं हाड, फेमर. आंधळ्यालाही कळेल. मला माहीत होतं, पण तोंडातून शब्दच निघेना. हात थरथरायला लागला आणि हाड टेबलावर वाजायला लागलं, टक टक टक. सर म्हणाले, "अरे, तबला नको वाजवू, नाव सांग." सगळे हसले. मी नापास झालो.

तेव्हापासून पुस्तक उघडलं की छाती धडधडते. ज्या रोगाचं नाव ऐकतो तो मला होतो. आधी टीबी झाला. मग मेंदूत गाठ झाली. मग हृदय खराब झालं, म्हणून एका सीनियरला धरून गुपचूप ईसीजी काढला. तो म्हणाला, हृदय बैलासारखं आहे, चालता हो. एकदा तर जे लक्षण वाचत होतो ते सगळं तंतोतंत जुळलं, पान उलटून पाहिलं तर तो बायकांना होणारा आजार निघाला. वसरामला, म्हणजे माझ्या खोलीतल्या जोडीदाराला, हे सांगितलं तर तो पोट धरून हसला. मी पण हसलो. मग तो कॉलेजला गेला आणि मी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

बाबांनी सेनगावच्या घरावर पाटी लावली आहे, 'डॉ. प्रमोद सटवाजी'. रंगवून घेऊन, पितळी खिळे मारून. दिवाळीत मी त्या पाटीखालून मान खाली घालून आत गेलो. अ‍ॅडमिशन रद्द करायचा अर्ज आणलाय, पेटीत आहे. पण घरी काय तोंड दाखवू? कधी कधी वाटतं, उद्याची सकाळ झालीच नाही तर किती बरं.

बाबांना सांगू नकोस. तुला शपथ आहे.

प्रमोद

&nbsp;

वसतिगृह
११ मार्च

आत्या, जयभीम!

माझ्या पत्राला उत्तर येईल म्हणून वाट बघत होतो, आणि उत्तराऐवजी तूच आलीस. त्याला आज दहा दिवस झाले, पण तू केलेला गोंधळ इथे अजून गाजतोय.

वॉचमन तुला आत सोडेना, तर तू त्याला म्हणालीस, "मी पेशंट हाय. माजा डॉक्टर वर दुसऱ्या मजल्यावर पडलाय, त्याला खाली आना." तो बिचारा खरंच ओरडत वर आला. खाली बघतो तर तू! पायात कुणाचे तरी पुरुषी कॅनव्हासचे बूट, हातात भाकरीचं गाठोडं, आणि जीपला टेकून रणजीत हसतोय. आता अख्खं वसतिगृह मला 'आत्याचा डॉक्टर' म्हणतं. मेसमध्ये वाढणारे काका सुद्धा.

तू मला दवाखान्याभोवती चार चकरा मारायला लावल्यास, एक शब्द विचारला नाहीस, फक्त बुटातला खडा काढायला तीनदा थांबलीस. मग म्हणालीस, "डोक्याचा डॉक्टर कुठं बसतो?" मी म्हणालो, तिथं माझ्या वर्गातलं कुणी पाहिलं तर मी संपलो. तर तू म्हणालीस, "मंग माज्या नावानं कागद काढ."

पुढचं आठवलं की मला अजून घाम फुटतो. तू डॉक्टरबाईंसमोर पदर सावरून बसलीस आणि सुरू केलंस, "बाई, मला झोप न्हाई. छाती धडधडते. भूक न्हाई. हातात हाड धरलं की नाव आठवत न्हाई."

बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. "हाड? कोणाच्या हातात?"

"माज्या."

"तुम्ही काय करता?"

"ब्लाऊज शिवते."

बाईंनी तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी छताकडे पाहिलं. त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "पद्माबाई, तुमची अवस्था नाजूक आहे. तुम्ही बाहेर बाकावर बसा. तुमच्या आजाराची माहिती मी भाच्याकडून घेते."

तू बाहेर गेल्यावर काय झालं ते तुला त्या दिवशी सांगता आलं नाही. बाईंनी दार लावलं आणि विचारलं, "कोणतं हाड?" मी म्हणालो, फेमर. पहिल्यांदा नाव नीट तोंडातून निघालं, आत्या. आणि मग मी रडलो. पाऊण तास. सकाळ झाली नाही तर बरं, हेही सांगितलं. त्या दचकल्या नाहीत. सरळ विचारलं, जीव द्यायचा विचार येतो का, कधी, किती वेळा. मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, हे दुखणं आहे, कमीपणा नाही, आणि याला इलाज आहे. तसा विचार पुन्हा आला तर कोणत्याही वेळी यायचं, वसरामला सोबत आणायचं. तो अर्ज तीन महिने उघडायचा नाही. दर गुरुवारी भेटायचं. ठरल्या वेळेला झोपायचं आणि ठरल्या वेळेला उठायचं. आणि रोज तासभर अंग घामानं भिजेल असं खेळायचं, तेही एकट्यानं नाही, चार जणांत. मी म्हणालो, वेळ कुठे आहे? त्या म्हणाल्या, "दिवसभर भिंत बघायला होता ना?"

जाताना त्यांनी कागद दिला. वर तुझं नाव आधीच लिहिलेलं होतं, त्यामुळे त्यांनी ते तसंच ठेवून पुढे दुरुस्ती केली. 'पद्माबाई, वय एकोणीस, पुरुष.' दर गुरुवारी तो कागद घेऊन गेलो की शिपाई मोठ्यानं पुकारतो, "पद्माबाई!" आणि मी उठतो. आज दुसऱ्याच गुरुवारी रांगेत आमच्याच वर्गातला एक जण भेटला. त्याच्या कागदावर त्याच्या आजोबांचं नाव होतं. आम्ही एकमेकांना काही विचारलं नाही.

आता कबड्डीचं. मेसच्या मागे मोकळी जागा आहे. वसराम मुळात तांड्यावरचा गडी, त्याला फक्त निमित्त हवं होतं. पहिल्या दिवशी मी दोन मिनिटांत आडवा. दुसऱ्या दिवशी अडीच मिनिटांत. पण आम्ही एक नवा नियम काढलाय, ऐक. पकडणाऱ्यानं गडी जिथं धरला तिथल्या हाडाचं नाव सांगायचं, नाहीतर पकड बाद. काल वसरामनं माझा घोटा धरला आणि नावच आठवेना. "हे... ते... बाहेरच्या बाजूचं..." मी सुटून रेषेला हात लावून परत आलो! ते फिब्युला होतं. आता तो दिवसभर स्वतःचा घोटा धरून बसलेला असतो.

आणखी एक. बाबांना मी स्वतःच पत्र लिहिलंय, काल टाकलं. सगळं लिहिलं, नापास झाल्याचंसुद्धा. टाकल्यावर टपालपेटीत हात घालून परत काढता येतं का ते पाहिलं. येत नाही.

तिकडे काय होईल ते कळव. मला भीती वाटून राहिली.

प्रमोद

&nbsp;

शिरड शहापूर
२२ मार्च

माज्या लेकरा, जयभीम.

तुजा बाप काल हितं आला. एस्टीतून उतरला तवा म्या मशीनवर व्हते. त्याच्या हातात तुजं पत्र बघितलं आन म्हनलं, पद्मे, आता दादाचा आवाज कॅनॉलपर्यंत जानार. मी आधीच बोलायला तयार व्हते. भांडनाची सारी वाक्यं मनात शिवून ठिवली व्हती.

सटवाजीदादा वट्ट्यावर बसला. पानी पिला. मंग म्हनला, "पद्मे, तुला हे ठावं व्हतं?"

म्या म्हनलं, "व्हय."

"मला काहून न्हाई सांगितलं त्यानं?"

"तू पाटी लावलीस म्हून."

मला वाटलं, आता पेटतो. पर त्यो म्हनला, "काल मी ती पाटी काढली. खिळे पितळेचे व्हते, निघंनात. पाटी भिताडावर न्हाई, पोराच्या छातीवर ठोकल्यावानी झालं की गं." आन तुजा बाप, ज्याला म्या आमच्या बापाच्या मयतीत बी रडताना बघितलं न्हाई, त्यो माज्या वट्ट्यावर रडला. शेजारची रूपाबाई ब्लाऊज न्यायला आली व्हती, ती तशीच माघारी गेली. आज तिनं इचारलं, तर म्या म्हनलं, दादाच्या डोळ्यात मिरचीचा हात गेला.

आता एक गोष्ट. दादानं मला बजावलं, हे प्रमोदला सांगू नगं. म्हून सांगून राहिले.

तुजा बाप साऱ्यांना सांगतो की शेतात मानूस न्हवतं म्हून शाळा सुटली. साफ खोटं हाय. मॅट्रिकच्या इंग्रजीच्या पेपरला कागद हातात पडला, आन ह्यो घामाघूम झाला. लघवीला जातो म्हनून उठला, मागल्या खिडकीतून उडी मारली आन सेनगावातून जो पळाला, तो थेट शेतात. तीन दिवस ज्वारीत लपून व्हता. मी भाकर न्यायची. कुनाला सांगू नगं म्हून त्यानं मला एक रिबीन आन एक आरसा दिला. आरसा फुटला, पर म्या तीस वर्सं सबद पाळला. काल मात्र त्यो सोता म्हनला, "पोरगं माज्यापेक्षा जिगरीचं निघालं. मी खिडकीतून पळालो. हे दारातून सांगायला आलं."

त्याचं तुला पत्र येईलच. त्यात खत, पाऊस आन बैलाच्या खुराबिगर काही नसनार. त्यावरून काही बी समजू नगं. त्याला लिहिता येत न्हाई, म्हंजे अक्षर येतं, बाकीचं येत न्हाई.

आता माजं खरं. मी बी चालले न्हवते. पापडवाल्या बाईच्या वट्ट्यापर्यंत जायची, तिथं घंटाभर बसायची, दोन पापड खायची आन घामाघूम झाल्यावानी परत यायची. तुज्या दवाखान्याभवती चार चकरा मारल्या तवा माज्या पायाला आठ दिवस तकलीफ झाली. तवा उमगलं, शुगर खरी हाय. आता रूपाबाई आन मी, दोघी पुलापर्यंत जातो. जाताना सुनांची गोष्ट करतो, येताना सासवांची. येळ बराबर निघून जातो.

परीक्षा कवा हाय?

आत्या

&nbsp;

वसतिगृह
२५ एप्रिल, रविवार

आत्या, जयभीम.

बाबांचं पत्र आलं. पावसाआधी नांगरट करायची आहे, पांढऱ्या बैलाच्या खुराला जखम झाली आहे, सोयाबीनचं बियाणं कुठलं घ्यावं याचा विचार चालू आहे. चौथ्या ओळीला लिहिलंय, 'जेवत जा.' ती ओळ खोडून पुन्हा लिहिलेली दिसते. पत्र मी सात वेळा वाचलं. त्यांच्या खिडकीबद्दल मला काही माहीत नाही, असंच मी उत्तरात लिहिलंय.

परीक्षा बुधवारी झाली. यात नापास झालो असतो तर मोठ्या परीक्षेला बसू दिलं नसतं. तोंडी परीक्षेला सर तेच, खोली तीच. छाती धडधडली. बाईंनी सांगितलं होतं, धडधड येईल, येऊ दे, तिच्याशी भांडू नकोस, श्वास लांब सोड. आता लांब श्वास म्हणजे मला एकच ठाऊक आहे. मी दम धरला आणि ओठातल्या ओठात सुरू केलं.

सर म्हणाले, "काय पुटपुटतोस? देवाचं नाव?"

"नाही सर. कबड्डी."

सरांनी चष्मा काढला. "म्हणजे?"

मी सांगून टाकलं. मेसच्या मागचं मैदान, हाडाच्या नावाचा नियम, सगळं. वाटलं, आता बाहेर काढणार. सर उठून टेबलाच्या पलीकडून आले, एक पाय पुढे करून उभे राहिले आणि म्हणाले, "बरं, धर. काय धरलंस सांग."

आत्या, मी अ‍ॅनाटॉमीच्या सरांचा गुडघा धरला. त्यांनीही सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, पण फार नाही. मी पटेला सांगितलं, खाली टिबिया सांगितलं, बाजूचं फिब्युला सांगितलं, वर फेमर सांगितलं, त्याला चिकटणारे स्नायू सांगितले. बाहेरून पुढचा विद्यार्थी दारातून डोकावला आणि तसाच मागे गेला. त्यानं बाहेर जाऊन सांगितलं की प्रमोदनं सरांचे पाय धरलेत, नक्की नापास. बाहेर सगळे माझ्यासाठी हळहळत होते.

पन्नासपैकी एकतीस मिळाले. वसरामला एकोणतीस. तो म्हणतो, सर मला कुठूनच धरू देईनात.

सगळं नीट झालंय असं नाही. मागच्या आठवड्यात दोन दिवस पुन्हा तसंच झालं, उठावंसं वाटेना. वसरामनं पांघरूण ओढलं आणि खाली नेलं. मी खेळलो नाही, नुसता रेषेवर बसून गुण मोजले. बाई म्हणाल्या, तेही चालतं. गुरुवारी जातोच आहे. मागच्या गुरुवारी शिपायानं "पद्माबाई" म्हटलं, तेव्हा मी त्याला थांबवलं आणि कागदावर माझं नाव घालून घेतलं. तो नाराज झाला. म्हणाला, पहिलंच बरं होतं.

आज सकाळी तीन डाव खेळलो. अंग ठणकून राहिलं, हाताचं कोपर सोललंय, मेसमध्ये चार पोळ्या खाऊन आलोय. वसराम दाराशी बसून घोटा चोळून राहिलाय आणि दुपारचं ऊन खिडकीतून पार पलंगावर आलंय. तुला आणखी एक गंमत लिहायची होती, रूपाबाईलाही वाचून दाखवशील अशी, पण आत्या, डोळे मिटून राहिलेत. रागावू नकोस. आता मी झोपतो.

तुझा,
पम्या